पिठाची बाजू वर

काझी वकिलांनी पहिल्याच भेटीत माझ्या बायकोला रडवलं. मी त्यांना दाराबाहेर काढणारच होतो.

गारखेड्यात आमची पत्र्याची खोली आहे. ते आले, बूट बाहेर काढले, दिलेल्या खुर्चीवर बसले नाहीत. फाईल मागितली नाही, एक्स-रे मागितला नाही. कॉटवर पडलेल्या कौसाकडं बघून म्हणाले, "भाभी, तुम्ही भाकरी करून विकायच्या म्हणे. कशा करायच्या ते जरा दाखवा."

वकील सांगतोय म्हणजे करायलाच पाहिजे, असं कौसाला वाटलं. वॉकर धरून ती चुलीपाशी गेली. चूल जमिनीवर. वॉकरचा दांडा धरून ती अर्धी वाकली आणि तिथंच अडकली. खाली जाता येईना, वर येता येईना. मी धरायला धावलो तर वकील म्हणाले, "मिस्त्री, हात नक्को लगाओ. मेरेकू देखने दो." कौसानं पुन्हा जोर केला. कपाळावर घाम आला. मग ती तशीच वाकलेली रडायला लागली. दुखत होतं म्हणून नाही. दुखणं तिनं दवाखान्यात दात आवळून काढलं होतं. स्वतःच्या चुलीपर्यंत पोचता आलं नाही आणि ते परक्या माणसानं बघितलं, म्हणून रडली.

मी तिला कॉटवर बसवलं आणि वकिलावर उखडलो. "तुम्ही आमचे वकील का हिला पाडणाऱ्या टँकरवाल्याचे?"

"तुमचाच," ते म्हणाले. चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला. "म्हणून तर बघितलं. डॉक्टर कागदावर लिहील, पाय एवढे टक्के निकामी. बरोबर. पण भाभींचं काम किती गेलं? काम तर सगळंच गेलं. डॉक्टरचा टक्का वेगळा, कामाचा टक्का वेगळा. विमा कंपनी डॉक्टरचा टक्का धरून बसते. मला कामाचा दाखवायचाय. जे मी स्वतः बघितलं नाय ते कोर्टाला काय दाखवू?"

बोलणं बरोबर होतं. पण राग गेला नाही. हा माणूस आवडायला मला लई वेळ लागला.

माझी बायको कौसल्या. सगळे कौसाच म्हणायचे. मी गवंडी, काम असलं तर असलं, नसलं तर नसलं. घर तिच्या भाकरीवर चाललं. उजाडायच्या आत तिच्या थापण्याचा आवाज सुरू व्हायचा, तो गल्लीतल्या नळाला बायका जमेपर्यंत चालायचा. एका खानावळीला आणि होस्टेलच्या पोरांना ज्वारीच्या भाकरी द्यायची. पावती नाही, पाटी नाही. फडक्यात बांधलेलं टोपलं डोक्यावर घ्यायची आणि चालायला लागायची.

तशीच चालली होती. गल्लीत पाण्याचा टँकर आला होता. रिकामा झाला आणि ड्रायव्हरनं मागं न बघता मागं घेतला. मागं कौसा होती. खुबा मोडला. सरकारी दवाखान्यात सळई घातली, पण हाड जुळलं नाही. डॉक्टर म्हणाले, खुब्याची वाटी बदलावी लागेल, खाजगीत करून घ्या, तरच बाई चालेल. खाजगी आमच्या बापजन्मात परवडणारं नव्हतं. भरपाई मिळाली तर कौसा उभी राहणार, नाही मिळाली तर नाही. सगळा मामला एवढाच होता.

काझी वकील सापडले तेही दवाखान्यातच. टँकरमालकाची माणसं कौसाला बघायला आली होती. सोबत सफरचंदं आणि स्टॅम्प पेपर. "मावशी आमच्या आईसारखी हाये, दवाखान्याचं आम्ही बघतो. पोलीस, कोर्ट, कशाला पाहिजे? ही सही करा." माझा पोरगा संजू रिक्षा चालवतो, साधा आहे. त्यानं पेन हातात घेतलं होतं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "पोरा, सहीच्या आधी छावणीतल्या काझीला विचारून ये." संजू रिक्षा काढून गेला. वकिलांनी त्याला काय सांगितलं, ते तो आजही हसत सांगतो. "जो आदमी सफरचंद और स्टॅम्प पेपर साथ में लाता है, त्याची सफरचंदं खा आणि पेपर परत दे. आज सही केली तर उद्या खुबा सडला तरी तो तुझा. आधी पोलिसात जा, गुन्हा नोंदव, टँकरचा नंबर लिहून दे. आणि औषधाची एक चिठ्ठी फेकू नको."

सफरचंदं आम्ही खाल्ली.

त्यांचं ऑफिस छावणीच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानावर होतं. लाकडी जिना, उभाच्या उभा. आता अपघाताचा वकील, म्हणजे येणारी माणसं सगळी मोडलेली. जिना चढणार कोण? म्हणून वकील खाली शिंप्याच्या बाकड्यावर बसायचे आणि ऑफिसात फक्त त्यांची पुस्तकं बसायची. कौसाला पहिल्यांदा रिक्षातून नेली तेव्हा ती जिन्याकडं बघून म्हणाली, "वकीलसाहेब, वरची खोली कुणाला ठेवली, कंपनीवाल्यांना?" काझी वकील हसले. ते फार हसत नसत. उंच, वाळका माणूस, कोटाची कोपरं घासून चकाकत होती. खिशात बडीशेप. अपघाताशिवाय दुसरं काही घ्यायचे नाहीत. "जमीन के झगडे में दोनों खडे रहते हैं," म्हणायचे. "माझ्याकडं एकच बाजू खाली पडलेली असते."

आपल्या माणसांवर मात्र ते लई खेकसायचे. एकदा कोर्टाच्या आवारात त्यांचा एक तरणा पक्षकार साक्षीला आला. कंपनीची वकीलबाई येताना दिसली, तशी त्यानं लंगडायची झोकात सुरुवात केली. काझी वकील सगळ्यांदेखत ओरडले, "अबे, उजवा पाय मोडला ना तुझा? मग डावा कायकू घसीटतोय?" पोरगा लाल झाला. लोक हसले, वकीलबाईपण हसली. वकील नाही हसले. त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "जितना दर्द है उतनाच दिखाना. मेरे मामले में झूठ नक्को. झूठ का वकील अलग मिलता, उसकी फीस भी ज्यादा."

हे सगळं कौसानं ऐकलं होतं. व्हय व्हय म्हणून मान डोलावली होती. तरी पुढं जे झालं ते झालं.

मामला उभा राहायला वेळ लागला. तारखा पडायच्या. कधी टँकरमालक हजर नाही, कधी डॉक्टर. तोवर घरात भाकरी कोण करणार? संजूची बायको पहाटेच शाळेत खिचडी शिजवायला जाते, तिचं लहान लेकरू. मग मीच बसायला लागलो चुलीपुढं. कौसा कॉटवरून हुकूम सोडायची. सिमेंट कालवणारे माझे हात, पीठ ऐकेना. "अहो, भिंत नाय बांधायची," ती म्हणायची, "भाकरी हाये ती. हळू." पण चूल पेटवायच्या आधी तिचं एक असायचं. "दार लावा." उन्हाळ्यातसुद्धा. पत्रा तापलेला, आत धूर, डोळ्यांतून पाणी, तरी दार बंद. नवरा चुलीपुढं बसलेला गल्लीनं बघता कामा नये. शेजारीण भांडं मागायला आली तर आतून ओरडायची, "थांब गं, हातात पीठ हाये!" हातात पीठ माझ्या असायचं.

मग तिच्या साक्षीचा दिवस आला. अदालत रोडवरच्या कोर्टात तिला खुर्ची दिली. न्यायाधीश एक मध्यम वयाच्या बाई होत्या. कंपनीची वकीलबाई तरुण, बोलायला गोड. आवाज चढवला नाही, काही नाही. आपल्या लेकीनं विचारावं तसं विचारलं, "मावशी, आता घरी स्वयंपाक कोण करतं हो?"

कौसानं माझ्याकडं बघितलं. कोर्टात माणसं भरलेली. आमच्या गल्लीतला एकजण पंचनाम्याचा साक्षीदार म्हणून बसलेला. कौसानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मीच करते की. दुसरं कोन करणार?"

"भाकरी पण तुम्हीच करता?"

"मीच."

वकीलबाई खाली बसली. तिला अजून काही विचारायची गरजच नव्हती.

बाहेर व्हरांड्यात काझी वकिलांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले. म्हणाले, "भाभी, ये क्या किया तुमने?"

"मग काय सांगू?" कौसा उसळली. "माझा नवरा बायकावानी चुलीपुढं बसतो म्हणून सांगू? चार माणसांत? त्यांनी आयुष्यभर मान वर करून काढली, आता म्हातारपणी मी त्यांचं हसं करू?"

"आता कंपनी म्हणणार, बाई भाकरी करते म्हणजे काम शाबूत आहे. नुकसानच नाही."

"म्हणू द्या."

"तुमचा खुबा भाभी..."

"खुबा माझा हाये ना?"

मला वाटलं, वकील आता त्या पोरावर ओरडले तसे हिच्यावर ओरडणार. ओरडले नाहीत. बडीशेपेची पुडी काढली, तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही. मग माझ्याकडं वळले. "मिस्त्री, पुढच्या तारखेला तुम्हाला उभं करू शकतो. पण मी करा म्हणणार नाही. उभे राहिलात तर कंपनी विचारणार, तुमची बायको शपथेवर खोटं बोलली का? तेव्हा तिच्यासमोर तिला खोटं म्हणावं लागेल. सोच लो. हा सवाल वकिलाचा नाही, घरातला आहे."

कौसा लगेच म्हणाली, "ते नाय उभे राहायचे."

मी म्हणालो, "राहतो."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी भाकरी करायचो, ती खायची, हुकूम बंद. भाकरी जळली तरी बोलायची नाही. ते मला शिव्यांपेक्षा वाईट वाटायचं. तारखेच्या दिवशी म्हणाली, मी येत नाय. संजूनं रिक्षा दारात लावल्यावर मात्र स्वतःच वॉकर ओढून निघाली.

काझी वकिलांनी मला सरळ विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"भाभींना आंघोळ कोण घालतं?"

"मी. वेणीपण मीच घालतो."

मागं कुणीतरी खुसखुसलं. मी मागं बघितलं नाही. कौसा कुठं बघत होती तेही बघितलं नाही.

मग वकीलबाई उठली. "आजोबा, तुमच्या पत्नी शपथेवर म्हणाल्या की त्याच करतात. मग त्या खोटं बोलल्या का?"

मी म्हणालो, "व्हय. खोटं बोलली. माझी लाज राखायला बोलली."

"का आता भरपाईसाठी तुम्ही खोटं बोलताय?"

माझ्याकडं दाखवायला काय होतं? मी काझी वकिलांकडं बघितलं. ते उठून मध्ये पडतील असं वाटलं. ते बसूनच होते, मला म्हणाल्यासारखी नुसती मान हलवली: बोला. तेवढ्यात न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवलं आणि मला विचारलं, "भाकरी तव्यावर टाकताना कोणती बाजू वर ठेवता?"

"पिठाची बाजू वर," मी म्हणालो. "तिला पाणी लावायचं. सगळीकडं सारखं. पाणी वाळायच्या आत उलटायची, उशीर झाला तर तडकते. मग तवा काढून जाळावर शेकायची. पीठ गरम पाण्यात मळायचं, नाय तर काठ फाटतात. माझे फाटतातच. हिचे कधी फाटले नाय."

बाईंनी अजून एक विचारलं, "हात भाजतो?" मी हात वर करून दाखवले. गवंड्याच्या हाताला आधीच लई खुणा असतात, पण बोटांच्या टोकांवरचे ते डाग चुलीचे असतात, हे ज्यानं चूल केली त्याला कळतं. बाईंनी बघितलं आणि खाली मान घालून लिहायला लागल्या.

बाहेर आलो. कौसा व्हरांड्यातल्या बाकावर होती, तोंड भिंतीकडं. काझी वकील लांब उभे राहिले, जवळ आले नाहीत. मग ती भिंतीकडंच बघत बोलली, "काठ फाटतात ते कशाला सांगायचं कोर्टाला? मला विचारायचं होतं ना. पीठ कमी मळता तुम्ही."

तवापासून घरात दार लावणं बंद झालं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. काझी वकील स्वतः घरी आले वाचून दाखवायला. या खेपेला खुर्चीवर बसले. इंग्रजीतून मराठी करत वाचत होते, बोट ओळीवर. बाई पायानं काही टक्केच अधू असली तरी तिच्या कामाच्या हिशेबानं तिचं सगळं नुकसान झालं, हे कोर्टानं मान्य केलं होतं. "ही बाई भाकरीचं काम यापुढं कधीही करू शकणार नाही," त्यांनी वाचलं आणि मान वर करून आमच्याकडं बघितलं. त्याच वाक्यासाठी एवढी वर्षं भांडले होते. संजूनं पेढे आणले होते.

कौसा म्हणाली, "म्हणजे कोर्टानंपण लिहून दिलं का, की माझं संपलं?"

काझी वकील बोलायला पटाईत माणूस, त्यांचं बोट त्या ओळीवर तसंच राहिलं. मग म्हणाले, "भाभी, पैसा मिळवायला हेच सांगावं लागतं. माफ करना." ती म्हणाली, "तुमचा दोष नाय भाऊ. वाचा पुढं." त्या दिवशी ती पहिल्यांदा त्यांना भाऊ म्हणाली.

पण पैसा आला नाही. कंपनी वरच्या कोर्टात गेली, इथल्याच खंडपीठात. पुन्हा तारखा. काझी वकिलांनी अर्ज केले, उपचारासाठी निदान काही रक्कम सोडा म्हणून. दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा. "आज नाही झालं मिस्त्री." कधी नुसतं "मिस्त्री" म्हणायचे, मग मीच म्हणायचो, कळलं. शेवटी काही रक्कम सुटली. आम्ही त्याच दिवशी कौसाला घेऊन खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं. पडून पडून फुफ्फुस खराब झालं होतं, हृदय दमलं होतं. भूल दिली तर उठणार नाही, म्हणाले. एवढ्या उशिरा कशाला आणली?

आम्ही तिला रिक्षात बसवून परत आणली.

थंडी सुरू झाली तेव्हा कौसा गेली. खोलीतच गेली. मी भाकरी थापत होतो आणि कॉटवरून काही बोलणं येईना, म्हणून वळून बघितलं.

काझी वकील मातीला आले आणि नंतरही आले. दारात बसले, जमिनीवर. लोक बोलत होते, कुणीतरी म्हणालं, हेच ते वकील, यांनीच केस जिंकून दिली. ते ऐकून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मिस्त्री, एक सांगतो. हा मामला मी जिंकलो असं कुणाला सांगू नका. मेरेकू अच्छा नहीं लगेगा."

मी म्हणालो, "नाय सांगणार."

पुढं अपील मिटलं, राहिलेला पैसा आला. संजूच्या लेकराच्या नावानं ठेवला. मला त्याचं काही करायचं नव्हतं. वकील मध्येच कधीतरी गारखेड्यात यायचे, उगाच. काम नसायचं. मी चूल पेटवलेली असली तर एक भाकरी मागून घ्यायचे, काठ मोडून आधी काठ खायचे. बोलायचे कमी. साखरेच्या आजारानं त्यांचे पाय धरले होते, पण सांगितलं कुणाला नाही. दुसऱ्यांचे पाय बघत फिरणारा माणूस.

या उन्हाळ्यात ते गेले. संजूनं मला रिक्षातून छावणीत नेलं. मयतीला वकील लोक होते, नातेवाईक होते. पण कब्रस्तानात आत गेलो आणि बघितलं तर कुबड्या, काठ्या, वॉकर. कुणाचा पाय तिरपा, कुणाची बाही रिकामी. हिंदू, मुसलमान, बुद्धवाड्यातले, सगळे. त्या उजव्या-डाव्या पायाच्या पोराला मी ओळखलं. आता पोटानं सुटला आहे, उजवा पाय आखडलेलाच.

त्यांच्यात मयताला माती देतात. एकेक जण पुढं होतो, खाली वाकून मूठ भरतो आणि टाकतो. घरचे झाले, वकील झाले. मग ही माणसं पुढं आली आणि तिथंच थांबली. वाकणार कसं? कुबडी सोडली तर पडतील. एक म्हातारा काठीवर भार देऊन खाली जायला लागला आणि अर्ध्यात थांबला. माझ्यानं ते बघवलं नाही.

मी चपला काढल्या आणि ढिगाऱ्यापाशी बसलो. माझे गुडघे अजून चालतात. मी मूठ भरायचो आणि वर धरायचो, ते माझ्या हातातून घ्यायचे आणि टाकायचे. एक झाला की पुढचा हात यायचा. माती कोरडी होती, बोटांतून गळत होती, म्हणून मी दोन्ही हातांची ओंजळ करून देत राहिलो, लाईन संपेपर्यंत.